नळ कोणाचा आणि गटार कोणाचे?

शहरातील कोणत्याही इमारतीची भिंत उकलून पाहिली, तर तिच्यात दोन प्रकारचे नळ दिसतील. एक नळ स्वच्छ पाणी घरात आणतो. दुसरा घाण पाणी घराबाहेर नेतो. दोन्हींचे शास्त्र एकच आहे. पाण्याचा दाब, नळाचा उतार, सांध्याची पकड आणि गटारातील वायू घरात शिरू नये म्हणून वाकड्या नळीत अडवून ठेवलेले पाणी, हे सारे जाणणाऱ्या माणसाला नळ-कारागीर किंवा प्लंबर म्हणतात. वस्तुतः हा एकच धंदा आहे. परंतु आपल्या देशात जातीने ह्या एका धंद्याचे दोन तुकडे केले. नळाच्या तोंडाशी कारागीर बसला आणि गटाराच्या तोंडाशी जात बसविली गेली. पहिल्या टोकाला मजुरी, परवाना आणि 'मिस्त्री' हे मानाचे नाव आहे. दुसऱ्या टोकाला दुर्गंधी, तिरस्कार आणि पुष्कळदा मृत्यू आहे. धर्मांतर करून आपण जात टाकली. परंतु जातीने वाटून दिलेले हे दुसरे टोक आपल्या मुलांच्या वाट्यातून गेले काय? हा सवाल आज आम्ही प्रत्येक बौद्ध कुटुंबापुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे पाहू या की माणसे ह्या धंद्यात शिरतात तरी कशी. प्लंबर म्हणून कोणी जन्मास येत नाही आणि बहुतेक प्लंबर शाळेच्या वाटेनेही आलेले नाहीत. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असतो. त्याचा मामा, चुलता किंवा गावचा कोणी ओळखीचा माणूस शहरात नळाची कामे करीत असतो. तो मुलाला हाताखाली घेतो. मुलगा आधी हत्यारांची पिशवी वाहतो, भिंतीला खाचा पाडतो, मागितला तो पाना हातात देतो. मग लोखंडी नळावर आटे पाडण्यास शिकतो, प्लास्टिकच्या नळाचे सांधे चिकटविण्यास शिकतो, ओळंबा आणि पातळी लावण्यास शिकतो. काही वर्षांनी एखादे न्हाणीघर त्याच्या एकट्याच्या हाती सोपविले जाते. पुढे तो स्वतःच कामे घेऊ लागतो आणि गावाकडून आपल्या भाच्याला बोलावून घेतो. ह्या सर्व प्रवासात जाहिरात नाही, अर्ज नाही, परीक्षा नाही. दार आहे, परंतु त्या दाराची किल्ली नात्याच्या कमरेला आहे.

ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्याचे आहे. दिल्लीत, कलकत्त्यात, दक्षिणेच्या शहरांत, इतकेच नव्हे तर आखाती देशांतही नळाचे काम करणारे असंख्य कारागीर त्या एका जिल्ह्यातील, आणि विशेषतः पट्टामुंडाईच्या आसपासच्या गावांतील आहेत. त्या भागात अशी हकिगत सांगितली जाते की इंग्रजी अमदानीत कलकत्त्याच्या प्लंबिंग कंपन्यांत तेथील काही माणसे मजूर म्हणून गेली आणि काम शिकली. १९४७ साली फाळणी झाली, ह्या धंद्यातील अनेक मुसलमान कारागीर पूर्व पाकिस्तानात गेले आणि मोकळ्या झालेल्या जागा ह्या ओडिया मजुरांना मिळाल्या. त्यांनी भावाला बोलाविले, भावाने मेहुण्याला बोलाविले, मेहुण्याने गावाला बोलाविले. पूर, वादळे आणि तुटपुंजी शेती ह्यांनी गांजलेला तो मुलूख अशा रीतीने साऱ्या देशाचे नळ जोडू लागला. आज पट्टामुंडाईत प्लंबिंगचे शिक्षण देणारी सरकारी संस्थाही उभी आहे.

ह्या कष्टाळू माणसांना आम्ही दोष देत नाही. ती गरीब आहेत आणि त्यांनी कोणाचे हिरावून घेतलेले नाही. आम्ही दाखवितो ते एवढेच की ज्याचा मामा नळावर आहे, त्याचा भाचा नळावर जातो. मग ज्यांच्या मामाला पाण्याच्या जवळपासही येऊ दिले नाही, त्यांच्या भाच्याने कोठे जावे? आपल्या मामाच्या हाती पाना का नव्हता? तो आळशी होता म्हणून काय? नव्हे. नळाचे काम म्हणजे परक्याच्या स्वयंपाकघरात जाणे, त्याच्या पिण्याच्या पाण्याला हात लावणे. ज्या हाताने पाणी विटाळते असे समाज म्हणत होता, त्या हाताला पाण्याचा नळ जोडण्यास कोण बोलावणार होते?

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास आठवा. अस्पृश्य कामगारांना तेथे काम मिळे, परंतु अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश मिळत नसे. कारण काय? तर धोट्यातील धागा ओठांनी ओढून घ्यावा लागे आणि तो धोटा सवर्ण कामगाराच्याही ओठांना लागे! १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांना ह्या अन्यायाचा जाब विचारला होता. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ह्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून ती श्रमिकांचीच विभागणी आहे. नळ आणि गटार ह्यांची वाटणी हा त्या सिद्धांताचा आपल्या डोळ्यांपुढील पुरावा आहे.

कोणी म्हणतील, हा तुमचा जुना गाऱ्हाण्याचा सूर झाला. आज प्लंबरची जात कोण विचारतो? ज्याच्या अंगी गुण आहे त्याला काम मिळते. ह्या गृहस्थांना आम्ही अमेरिकेतील एक हकिगत सांगू इच्छितो. तेथे प्लंबरचे काम उत्तम मजुरीचे आहे, आणि त्यात शिरण्याची जुनी वाट कामगार संघाच्या उमेदवारीतून जाते. १९६४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स टर्मिनल मार्केटच्या बांधकामावर एक कृष्णवर्णीय व तीन पोर्तोरिकन प्लंबर कामास लागले. त्याबरोबर प्लंबरांच्या 'लोकल २' ह्या संघाच्या सभासदांनी काम सोडले. ते म्हणाले, आमचा विरोध वर्णाला नाही. हे चौघे संघाचे सभासद नाहीत म्हणून आमचा विरोध आहे. युक्तिवाद वरकरणी किती निर्मळ! परंतु सभासद व्हावयाचे तर उमेदवारी हवी, उमेदवारी हवी तर आतल्या माणसाची शिफारस हवी, आणि आतली माणसे बापाकडून मुलाकडे धंदा देत आलेली. देशातील सर्वांत मोठ्या कामगार महासंघाचे त्या वेळचे अध्यक्ष जॉर्ज मीनी हे स्वतः न्यूयॉर्कचे प्लंबर आणि प्लंबराचेच चिरंजीव होते. दारावर 'गोऱ्यांसाठी' अशी पाटी नव्हती. तरीही आत बहुतेक गोरेच होते. पुढे १९६९ साली 'फिलाडेल्फिया योजना' लागू करून तेथील सरकारला सांगावे लागले की सरकारी पैशाच्या बांधकामांवर प्लंबर व इतर कारागीर घेताना अल्पसंख्याकांच्या भरतीचे उद्दिष्ट ठेवलेच पाहिजे.

सांगावयाचे तात्पर्य हे की दार बंद ठेवण्यासाठी दर वेळी कुलूप लागत नाही. कोणी 'येऊ नकोस' म्हणण्याची गरज नसते. 'ये' असे म्हणणारा कोणी नसला की पुरे होते.

नळाचे दार असे अर्धवट उघडे असताना गटाराचे दार मात्र आपल्या मुलांसाठी सताड उघडे आहे. तेथे शिफारस लागत नाही. एखादा ठेकेदार वस्तीत येतो, पाचशे-हजार रुपये दाखवितो आणि म्हणतो, 'चल, प्लंबिंगचे काम आहे.' मुलगा जातो. तेथे पाना नसतो, नळ नसतो. असते ती सोसायटीची तुंबलेली मैल्याची टाकी. तिच्या तळाशी सडलेल्या मैल्यातून उठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. तो थोडा असला तर कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो अधिक झाला म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि धोका टळला असे वाटत असतानाच माणूस कोसळतो. त्याला काढण्यास दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढण्यास तिसरा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. त्या ओळींत ठेकेदाराचे नाव नसते. मेलेल्यांची आडनावे मात्र असतात, आणि ती आडनावे कोणत्या वस्त्यांतली आहेत हे आपणांस सांगावयास नको.

ह्या बाबतीत कायदा मुका नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली पहिला कायदा झाला. २०१३ साली अधिक व्यापक कायदा झाला आणि तो त्याच वर्षी ६ डिसेंबरला अमलात आला. संरक्षक साधनांवाचून व सावधगिरीवाचून माणसास गटारात किंवा सेप्टिक टाकीत साफसफाईसाठी उतरविणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाखांवर नेली. परंतु भरपाई ही मेल्यानंतरची गोष्ट आहे. आम्हांला जिवंत मुलांविषयी बोलावयाचे आहे. म्हणून प्रत्येक आई-बापाने आपल्या मुलास हे एक वाक्य पाठ करावयास लावावे: 'नळ जोडीन, पण टाकीत उतरणार नाही.' तुंबलेली वाहिनी मोकळी करण्यासाठी यंत्रे आहेत, पाण्याच्या दाबाचे पंप आहेत, मैला खेचून घेणाऱ्या गाड्या आहेत. खरा प्लंबर ती साधने वापरतो. जो ठेकेदार यंत्राच्या जागी माणूस घालतो, तो प्लंबिंगचे काम देत नसून जातीचे काम देत आहे, हे ओळखावे.

आता एका नाजूक प्रश्नाला हात घालणे प्राप्त आहे. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी देण्याची पद्धत आहे. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या शहराची घाण उचलली, त्या घराची चूल विझू नये, हा तिचा हेतू. हा हक्क सोडून द्या, असे आम्ही म्हणत नाही. पोटावर पाय देऊन उपदेश करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. परंतु आपण एक क्षण थांबून विचार करावा. ज्या देशात जमिनीचा, दुकानाचा, गिरणीचा वारसा काहींना मिळाला, त्या देशात आपल्याला झाडूचा वारसा मिळाला, आणि तो मिळावा म्हणूनही आपणांस कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात! घरात दोन मुले असतील तर एकाने नाइलाजाने ती नोकरी घ्यावी. पण दुसऱ्याच्या हातीही झाडूच द्यावयाचा काय? आणि ज्याने नोकरी घेतली, त्याने आपल्या मुलासाठी तीच जागा राखून ठेवण्याचे स्वप्न पाहावयाचे काय? वारसा एका पिढीची भाकरी होऊ शकतो. तो पुढच्या पिढीची बेडी होता कामा नये.

दोष केवळ परक्यांचा आहे असेही आम्ही म्हणणार नाही. आपल्यातही एक खोटा अभिमान शिरला आहे. मुलगा दहावीला अडखळतो. त्याला हाताच्या कामाची आवड असते. तो वडिलांना म्हणतो, 'बाबा, मी आयटीआयला नळ-कारागिराच्या वर्गात जातो.' बाबा संतापतात: 'अरे, नळच दुरुस्त करावयाचे होते, तर एवढी शाळा कशाला शिकविली? लोक काय म्हणतील?' मुलगा गप्प बसतो. पुढे तीन वर्षे तो कसल्याशा भरतीची वाट पाहतो आणि शेवटी कोणत्या तरी इमारतीच्या दाराशी बारा-बारा तास रखवालदार म्हणून उभा राहतो. त्या बाबांना आम्ही नम्रपणे विचारतो, की आपण ज्या धम्माची दीक्षा घेतली, त्यात हाताच्या कामाला विटाळ आहे काय? उपाली नापित होता; विनयाचा श्रेष्ठ ज्ञाता म्हणून संघाने त्याला मान दिला. सुनीत कोमेजलेली फुले झाडून काढणारा होता. भगवंतांनी त्याला संघात घेतले आणि तो अर्हत झाला. सम्यक आजीविका म्हणजे खुर्चीवरची आजीविका नव्हे. आपला लढा श्रमाशी कधीच नव्हता. जन्माने लादलेल्या श्रमाशी होता. स्वतः निवडलेले, शिकून घेतलेले, दाम वाजवून घेता येणारे काम आणि जातीने गळ्यात बांधलेले काम, ह्या दोहोंतील भेद ज्याला कळला नाही, त्याला धर्मांतराचा अर्थ कळला नाही.

मग वाट कोणती? ज्यांना मामा नाही त्यांनी कायद्याला मामा करावे. देशात कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना १९५० पासून चालू आहे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत नळ-कारागिराचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. त्यास पदवी लागत नाही. तेथे अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत, आणि १९९० च्या घटनादुरुस्तीने नव्हे, तर त्या वर्षी अनुसूचित जातींच्या यादीसंबंधी झालेल्या कायद्याने बौद्धांनाही त्या यादीचे लाभ मिळाले आहेत. दाखला वेळेवर काढून ठेवावा. प्रवेशाच्या दिवशी धावाधाव करू नये. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराला विद्यावेतन देणे बंधनकारक केले आहे, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी उमेदवारीच्या जागा राखण्याची तरतूदही त्यात आहे. जे तरुण आधीच कोणाच्या हाताखाली बिगारी म्हणून राबत आहेत, त्यांनी आपल्या अनुभवाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे. तशी सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे.

आणि शेवटचा टप्पा परवान्याचा. मुंबई-पुण्यासारख्या महानगरपालिकांत नळजोड घ्यावयाचा तर परवानाधारक नळ-कारागिराची सही लागते. ही सही म्हणजेच ह्या धंद्यातील सत्ता आहे. परवाना नसलेला उन्हात भिंत फोडतो. परवाना असलेला कागदावर सही करतो आणि दोघांच्या मजुरीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आपल्या वस्तीत नळाचे काम जाणणारे हात पुष्कळ असतील. परंतु सही करणारे हात किती आहेत, ह्याची प्रत्येक विहाराने एकदा मोजदाद करावी.

खेड्यातील बांधवांनीही हा शहराचा प्रश्न समजू नये. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील घराघरांत नळ नेण्याचे काम हाती घेतले. ज्या गावांत आपल्या आया घागर घेऊन विहिरीच्या काठाशी दुरून पाणी वाढण्याची वाट पाहत बसत, त्याच गावांत आता नळ आले आहेत आणि येत आहेत. त्या नळांची देखभाल कोण करणार? चावी कोणाच्या हाती राहणार? गावच्या पाण्याची चावी पुन्हा त्याच जुन्या हातांत गेली, तर विहीर जाऊन नळ आला, एवढाच फरक पडेल. आपल्या वस्तीला पाणी शेवटी येईल, अपुरे येईल, आणि बिघाड झाला तर दुरुस्तीस कोणी फिरकणार नाही. म्हणून बौद्धवाड्यातील एक तरी मुलगा, एक तरी मुलगी हे काम शिकलेली असली पाहिजे. मुलगी असे आम्ही मुद्दाम म्हणतो. पाणी आजवर बाईनेच डोक्यावरून वाहिले. ते नळातून कसे वाहते हे शिकण्याचा पहिला अधिकार तिचा आहे.

सरकारकडे आमचे मागणे मोजके आहे. सरकारी पैशाने चालणाऱ्या प्रत्येक बांधकामावर शिकाऊ नळ-कारागीर घेण्याची सक्ती करा आणि त्यांतील राखीव जागा खरोखर भरल्या की नाहीत, हे जाहीर करा. परवान्याची रीत, शुल्क व परीक्षा मराठीत छापून प्रत्येक पालिका कचेरीच्या भिंतीवर लावा. माणसाला गटारात उतरविणाऱ्या ठेकेदारावर २०१३ च्या कायद्याखाली खटला भरा. केवळ भरपाईचा धनादेश देऊन छायाचित्र काढू नका.

आणि आपल्या समाजाकडे मागणे त्याहून मोजके आहे. आपल्यातील जो एक माणूस ह्या धंद्यात स्थिर झाला असेल, त्याने दरवर्षी वस्तीतील एका मुलाला हाताखाली घ्यावे. केंद्रापाड्याच्या माणसांनी जे नात्याने केले, ते आपण धम्मबंधुत्वाने करावे. म्हणजे ते एका कुळापुरते राहणार नाही. जेथे पाच-दहा कारागीर तयार होतील, तेथे त्यांनी सहकारी संस्था काढावी आणि ठेकेदाराच्या दारात उभे राहण्याऐवजी स्वतःच ठेका घ्यावा.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्या ओंजळीचा हक्क न्यायालयात शाबीत होण्यास १९३७ साल उजाडावे लागले. त्यांनी पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळविला. ते पाणी घरोघर नेण्याची विद्या, त्या विद्येची मजुरी आणि त्या मजुरीची प्रतिष्ठा मिळविणे हे आपल्या पिढीचे काम आहे. येत्या प्रवेशाच्या मोसमात आपल्या घरातून एक तरी अर्ज गेला पाहिजे. तो गेला की नाही, हे पुढच्या वर्षी आम्ही आपणांस विचारणार आहोत.